विधवा-पुलाची कमान

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा मारिनस मोस्टर्ट स्वयंपाकघरात उभा राहून पावाला लोणी लावत होता. बायको, गेर्डा, गेल्यापासून सहा वर्षं तो उभ्यानेच खात असे. बसून खायला समोर कुणीतरी लागतं, असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं होतं. शनिवारच्या पेपरात त्याचा फोटो आल्यापासून फोन सारखा वाजत होता. ऑफिसातले जुने लोक, रविवारच्या फेरीतल्या बायका, एकदा तर दातांचा डॉक्टरसुद्धा. त्यामुळे त्याने घसा साफ केला, आवाज जरासा मऊ करून घेतला आणि रिसीव्हर उचलून इथल्या रीतीप्रमाणे आडनाव सांगितलं, "मोस्टर्ट."

"मीही मोस्टर्टच," पलीकडून एक बाई म्हणाली. "ओळखलंस का?"

सुरीवरचं लोणी त्याच्या अंगठ्याला लागलं. आवाज म्हातारा झाला होता, किंचित चिरला होता, पण वाक्याच्या शेवटी खाली बसायची त्याची सवय तशीच होती. बाबांचा आवाज असाच खाली बसायचा, नाव धक्क्याला टेकावी तसा. पंचेचाळीस वर्षं त्याने बहिणीचा आवाज ऐकला नव्हता. बाबांना पुरलं त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाशी नेल त्याला म्हणाली होती, "आता तुझा माझा संबंध संपला, रिनस." आणि ते तिने एखादी पावती फाडावी तसं करून दाखवलं होतं. ना पत्र, ना नाताळचं कार्ड. गेर्डा गेली तेव्हा त्याने छापील सूचना पाठवली होती, तिचंही उत्तर आलं नव्हतं.

"नेल," तो म्हणाला.

"पेपर वाचला. मला तुला एकच विचारायचंय, पण फोनवर नाही. तोंड बघून विचारायचंय. बुधवारी दहा वाजता पुलावर ये."

"कुठल्या पुलावर?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला आपल्या मूर्खपणाची लाज वाटली.

"तुझ्या," नेल म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तुझ्या. पेपरातसुद्धा तसंच छापलं होतं: 'पूल लपवणारा माणूस'. फोटोत तो विधवा-पुलाच्या नुकत्याच धुतलेल्या विटांवर हात ठेवून उभा होता, पांढरे केस वाऱ्याने उडालेले, नजर दूर कुठेतरी. फोटो काढणाऱ्या मुलीनेच त्याला दूर बघायला सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या क्षणी समोरच्या कॅफेतला वेटर खुर्च्या मांडत होता आणि मारिनस त्या खुर्च्या मोजत होता. त्याने अंगठा चाटला, पाव तसाच ओट्यावर ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. फेना आली होती तेव्हाही तो असाच खिडकीशी उभा होता. नगरपालिकेच्या दप्तरखान्यातली ही मुलगी, तिशीची, लाल चष्म्याची, मार्चमध्ये एका कागदाची प्रत घेऊन त्याच्या घरी आली होती. कोबी-कालवा पुन्हा खणायचं काम तेव्हा सुरू झालं होतं. पन्नास वर्षांपूर्वी वाळूने बुजवून ज्याचा मोटाररस्ता केला, त्या कालव्यात शहराला आता पुन्हा पाणी हवं होतं. डांबर उचललं आणि वीतभर खाली यंत्राचा दात विटांवर खणकन आपटला. अख्खी कमान, साडेतीनशेहून अधिक वर्षांची, एकही वीट न हललेली. आणि दप्तरातला कागद सांगत होता की विधवा-पूल नोव्हेंबर एकोणीसशे चौसष्टमध्ये पूर्णपणे पाडून त्याचा मलबा हलवण्यात आला आहे. खाली सही होती, मा. मोस्टर्ट, साहाय्यक आरेखक.

"मेनेर मोस्टर्ट," फेना म्हणाली होती, आणि तिचे डोळे चष्म्याआड भरून आल्यासारखे दिसत होते, "मी दोन रात्री झोपले नाही हो. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, नवी नोकरी, आणि एवढं मोठं खोटं कागदावर लिहितो. का लिहील कुणी? मग माझ्या लक्षात आलं. तुमचे वडील याच कालव्यावरचे नावाडी होते ना? तुम्ही तो वाचवलात. वाळूत लपवून ठेवलात. कधीतरी कुणीतरी खणेल म्हणून. खरं ना?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्यात एक माणूस सायकलला कुलूप लावत होता आणि ते लागत नव्हतं. मारिनसला वाटत होतं की हे कुलूप लागलं की आपण बोलू. ते लागलं, माणूस गेला, आणि बोलायची वेळही त्याच्याबरोबरच निघून गेली. पाठीमागे फेना हलक्या आवाजात म्हणाली, "नका बोलू. समजलं मला." एवढंच घडलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. चौसष्ट सालीसुद्धा तो बोलला नव्हताच, नुसती सही केली होती. आयुष्यात आपण जे काही वाईट केलं ते सगळं तोंड मिटून केलं, हे त्याला त्या दिवशी प्रथमच इतकं स्वच्छ दिसलं, आणि तरीही कालव्यात पाणी आल्यावर फेनाचा फोन आला तेव्हा त्याने तिला पेपरातल्या फोटोसाठी मंगळवार चालेल असं सांगितलं.

या शहराच्या पाण्याचा इतिहास त्याला पाठ होता. नोकरीतून सुटल्यावर बारा वर्षं दर रविवारी तो इतिहास-मंडळाच्या लोकांना घेऊन कालव्याकाठाने हिंडत असे. सुरुवातीला एक खंदक, शत्रूला अडवायला. शत्रू आले नाहीत, पीटच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, नावा आल्या, म्हणून खंदकाचे कालवे झाले. मग दारू गाळणारे आणि कापड रंगवणारे यांच्यात शंभर वर्षांचं भांडण, कारण एकांना स्वच्छ पाणी हवं आणि दुसऱ्यांनी ते कधी निळं, कधी तांबडं करून ठेवायचं. लाकडी पूल कुजायचे, पडायचे, एकदा तर मिरवणुकीसकट पडला. विधवा-पूल विटांचा झाला तो पलीकडच्या धर्मशाळेतल्या चौदा विधवांमुळे. चर्चला जाताना लांबचा वळसा पडतो म्हणून त्या सात वर्षं दर महिन्याला नगरसभेच्या दाराशी जाऊन बसत. शेवटी सभासद त्यांच्या तोंडांना कंटाळले आणि त्यांनी पूल बांधून दिला. हे सांगताना लोक नेहमी हसत. मग कॉलऱ्याच्या साली दोन कालवे बुजवले, ट्रामसाठी एक बुजवला, मोटारींसाठी चौथा. प्रत्येक पिढीने पाणी बुजवायला आपापलं कारण शोधलं होतं आणि प्रत्येक कारण त्या त्या वेळी इतकं शहाणपणाचं वाटलं होतं की विरोध करणारे तेवढे वेडे दिसत. हे वाक्य तो फेरीच्या शेवटी म्हणत असे आणि लोक टाळ्या वाजवत. कोबी-कालव्याच्या रस्त्यावरून मात्र तो लोकांना भराभर पुढे नेई. तिथे डांबराला एक उंचवटा होता. मोटारी त्यावरून जाताना हलकेच उचलल्या जात आणि धप्पकन खाली येत. पन्नास वर्षं सगळं शहर त्या उंचवट्यावरून गेलं, बसमधल्या म्हाताऱ्यांनी शिव्या घातल्या, पण खाली काय आहे असं कुणी विचारलं नाही. पहिल्या वर्षी तक्रारी आल्या तेव्हा ऑफिसाने कळवलं, जुना पाया आहे. ते पत्रही मारिनसनेच टाइप केलं होतं.

चौसष्टच्या ऑक्टोबरमध्ये कालव्यात शेवटच्या नावा आल्या त्या वाळूच्या. समुद्रावरची वाळू, ओली, करडी, तिला शिंपल्यांचा वास. मुकादमाने सांगितलं की कमान फोडायला तीन आठवडे लागतील. चुना दगडासारखा झालाय, जोर लावला तर दोन्ही काठांवरच्या तळघरांना तडे जातील. आणि रस्ता डिसेंबरातल्या संत निकोलासच्या सणाआधी उघडायचा होता. मारिनसचा साहेब व्हान लोखम हा एक जाडजूड, विनोदी माणूस होता. हाताखालच्या लोकांना तो आवडायचा, कारण तो कधी ओरडत नसे. त्याने कठडे काढायला सांगितले, कमानीच्या पोटात वाळू ठासायला लावली, वर आणखी वाळू टाकली, आणि एका दुपारी मारिनसला घेऊन काठावर आला.

"मोस्टर्ट, इथे पूल होता म्हणतात. तुला दिसतो का कुठे?"

"नाही, साहेब."

"डोळे चांगले आहेत ना तुझे? आरेखकाचे डोळे चांगले हवेत."

"चांगले आहेत, साहेब."

"मग चांगल्या डोळ्यांच्या माणसाला जो पूल दिसत नाही, तो पाडलेलाच म्हणायचा." व्हान लोखमने खिशातून घडी केलेला कागद काढला. "जानेवारीत खिडकीजवळचं टेबल रिकामं होतंय. उजेड फार सुंदर येतो तिथे."

बस्स. त्या उजेडासाठी. कुणी धमकी दिली नाही, कुणी हात पिरगाळला नाही. पुढे कितीतरी वर्षं मारिनसने स्वतःला समजावायचा प्रयत्न केला की मी घाबरलो होतो, लहान होतो, लग्न ठरलं होतं. पण खरं एवढंच होतं की ते ऐकून त्याला आनंद झाला होता. गेर्डाला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. त्याने व्हान लोखमच्या पाठीवर कागद ठेवून सही केली होती. साहेबाने हसत हसत वाकून पाठ पुढे केली होती, आणि त्या जाड कोटाची ऊब कागदातून बोटांना लागत होती. कमान फुटली नाही म्हणून बरं वाटलं, जपून राहील, असा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. कमानीचा त्याने विचारच केला नव्हता.

बाबा तेव्हा धक्क्यावर असत. टूनिस मोस्टर्ट, अठ्ठावन्न वर्षांचा, रुंद छातीचा. तीस वर्षं भाजीची नाव चालवत आलेला, त्याआधी त्याचा बाप. मंगळवारी आणि शुक्रवारी खेड्यांतून कोबी, गाजरं, बटाटे घेऊन यायचं आणि विधवा-पुलाखाली नाव लावून विकायचं. नाव भरलेली असली की कमानीखालून डोकं वाचवून जाता येत नसे. मग बाबा कोबीच्या राशीवर उताणे पडत आणि दोन्ही तळवे विटांना लावून नाव पुढे ढकलत, जणू सगळं शहर वर उचलून धरलंय. नेललाही ते येत असे. मारिनसला शेवाळाची शिसारी यायची. तो टोकाशी अंग चोरून बसे आणि अंधार संपायची वाट बघे. "याचे हात कागदाचे आहेत," बाबा म्हणत, पण चेष्टेने, आणि त्याला शाळेत घालायला त्यांनीच आईशी वाद घातला होता. नगरपालिकेत नोकरी लागली तेव्हा बाबांनी धक्क्यावरच्या सगळ्या नावाड्यांना हेरिंग मासा खिलवला. आणि मग एका शुक्रवारी भाजीबाजाराच्या फळीवर कालवा बुजवण्याचा नकाशा लागला. नावाडी भोवती गोळा झाले. बाबांना चष्म्याशिवाय दिसत नसे, म्हणून ते अगदी जवळ जाऊन वाचत होते. कोपऱ्यात सुबक, तिरक्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'रेखाटन: मा. मोस्टर्ट'. नावाडी एकेक करून बाजूला झाले. त्या रविवारी जेवताना मारिनस थाळीकडे बघत बसला होता. बाबांनी बटाटा कुस्करला, त्यावर रस्सा ओतला आणि म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं." बाबा त्याच्याशी बोलले ते हे शेवटचं वाक्य. पुढे सात वर्षं ते शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर नेलबरोबर राहिले. तिथून पाणी म्हणून दिसत नसे. दिवसभर कुठल्याशा गोदामात भाज्यांच्या पेट्या उचलत. मारिनस आणि गेर्डा सणाला केक घेऊन जात. बाबा उठून गॅलरीत जाऊन उभे राहात, आणि नेल केक कापून बश्या अशा मांडे की आवाज व्हावा.

बुधवारी तो पावणेदहालाच पुलावर गेला. पाणी येऊन महिना झाला होता. हिरवट, अजून कसलाही वास नसलेलं, नळाच्या पाण्यासारखं परकं. दोन्ही काठांवर कॅफेंच्या छत्र्या. नवे कठडे बसवले होते, आणि त्यांतल्या एकावर कापडाने झाकलेला दगड होता, शुक्रवारी महापौरबाई त्याचं अनावरण करणार होत्या. नेल पलीकडच्या बाजूने आली. तो तिला ओळखायच्या आत तिने त्याला ओळखलं. एक्क्याऐंशी वर्षांची, बुटकी, काठी न घेता चालणारी, डोक्याला प्लॅस्टिकचा स्कार्फ. ती पुलाच्या मध्यावर थांबली आणि कठड्यावरून वाकून बराच वेळ खाली बघत राहिली. त्याने हात पुढे करावा की मिठी मारावी असा घोळ घातला आणि दोन्ही केलं नाही.

"वाळलास," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"तू तशीच आहेस."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. आरसा आहे माझ्याकडे." मग ती वळली आणि तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मासळी ताजी आहे का बघावं तसं. "आता सांग. पेपरात छापलंय ते खरं आहे का? तू बाबांसाठी ठेवलास हा पूल?"

त्याला हो म्हणता आलं असतं. ते तिला हवं होतं, ते त्याला तिच्या डोळ्यांत लख्ख दिसलं. इतक्या वर्षांनी ती नाकासमोर उभी होती, आणि एक अक्षर बोललं की ती कदाचित त्याच्या दंडाला धरून कॅफेत जाऊन बसेल, म्हातारी बहीण, म्हातारा भाऊ, कॉफी आणि सफरचंदाचा केक. उरलेली चार-दोन वर्षं बसून जेवता येईल. त्याच वेळी त्याच्या मनात हेही आलं की हो म्हटलं तर ती पुढे विचारील, मग बाबांना का नाही सांगितलंस? सात वर्षं ते गॅलरीत उभे राहात होते. एका शब्दावर ते जगले असते. तो शब्द खिशात ठेवून तू केक खात होतास? म्हणजे हो म्हटलं तरी तो नीच, नाही म्हटलं तरी नीच. यातून सुटायला वाट नाही हे कळल्यावर त्याला विचित्र हलकं वाटलं, आणि तो बोलला तो त्या हलकेपणामुळे बोलला. धैर्य बिर्य काही नव्हतं त्यात.

"नाही," तो म्हणाला. "फोडायला वेळ नव्हता. साहेबाने सही करायला सांगितली, मी केली. मला बढती मिळाली. बाबांचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, नेल. पुलाचाही नव्हता."

तिचा चेहरा हलला नाही. नुसता त्यातून कुणीतरी उठून गेल्यासारखा झाला. खालून एक होडी गेली, तिच्यात चार तरुण पाय सोडून बसले होते, गाणं लावलं होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत नेल तिच्याकडे बघत राहिली.

"मग त्या पोरीला तसं का सांगितलंस?"

"मी काही सांगितलं नाही. तिनेच म्हटलं. मी गप्प बसलो."

"हो," नेल म्हणाली. "ते तुला जमतं." तिने स्कार्फची गाठ सोडून पुन्हा बांधली. "शुक्रवारी हे सगळ्यांच्या समोर सांग. मी येईन ऐकायला." आणि ज्या बाजूने आली होती त्याच बाजूने परत गेली.

शुक्रवारी दुपारी ऊन होतं. पुलावर दोनशे माणसं असतील. नगरपालिकेचा बँड, शाळेची मुलं, हेरिंगची गाडी. फेनाने हिरवा झगा घातला होता आणि ती त्याचा कोट पुन्हापुन्हा झटकत होती. महापौरबाईंनी दोरी ओढली. कापड पडलं. दगडावर लिहिलं होतं: 'विधवा-पूल. इ.स. १६४६. चौसष्ट साली मारिनस मोस्टर्ट यांच्या निष्ठेमुळे वाचला.' टाळ्या झाल्या. मग त्याच्यासमोर माइक आला. त्याने गर्दीत नेलला शोधलं. ती हेरिंगच्या गाडीशेजारी एका बाकावर ताठ बसली होती, पर्स मांडीवर धरून.

"हा दगड खोटा आहे," तो म्हणाला. आवाज स्पीकरमधून फिरून त्याच्याच कानांवर आला. "मी हा पूल वाचवला नाही. पाडायला जास्त दिवस लागत होते म्हणून आम्ही नुसती वाळू टाकली, आणि मी पाडला असं लिहून दिलं. माझ्या बढतीसाठी लिहून दिलं. कालवा बुजवायचा नकाशासुद्धा मीच काढला होता. माझ्या वडिलांची नाव इथे लागायची. मी त्यांना आधी सांगितलंही नाही, त्यांनी ते फळीवर वाचलं. माझी निष्ठा बिष्ठा काही नव्हती. हे एवढंच मला सांगायचंय."

एक मूल रडलं. मग मागून कुणीतरी जिव्हाळ्याने हसलं, आणि फेना डोळे पुसत टाळ्या वाजवू लागली, आणि मग सगळेच. पहिल्यापेक्षा जोरात, लांब, पाण्यावरून घुमणाऱ्या टाळ्या. महापौरबाईंनी माइक घेतला. "बघा," त्या म्हणाल्या, "आमच्या शहरातली जुनी माणसं अशी असतात. चांगलं काम करायचं आणि श्रेय घ्यायची वेळ आली की वाकडं तोंड करायचं!" लोक हसले. "मी खरं सांगतोय," मारिनस म्हणाला, पण माइक आता त्याच्याकडे नव्हता, आणि जवळच्या दोघा-तिघांनी त्याच्या पाठीवर हात ठेवले. बँड वाजू लागला. एवढ्या गर्दीत टाळी न वाजवणारी नेल एकटीच होती. ती बाकावर तशीच बसून होती. तो वाट काढत तिच्यापर्यंत गेला आणि शेजारी बसला.

"त्यांना पटलं नाही," तो म्हणाला.

"मला पटलं." तिने पर्सचं झाकण उघडलं, मिटलं. "बाबांना ठाऊक होतं, रिनस."

"काय?"

"कमान पाडली नाही ते. ते रोज धक्क्यावर उभे असायचे ना. शेवटच्या ट्रकपर्यंत सगळं त्यांनी बघितलं. आणि सही कुणाची ते ऑफिसातल्या शिपायाने त्यांना सांगितलं होतं. नावाड्यांनी वकील केला होता, आठवतं? काम ठरल्याबरहुकूम झालं नाही असं सिद्ध झालं तर चौकशी बसणार होती. रस्ता पुन्हा बंद झाला असता, वर्षभर, कदाचित कायमचा. रस्त्याखाली अख्खी कमान ठेवली म्हणजे काय थोडं झालं? जानेवारीत दोन माणसं घरी आली, वकील आणि नावाड्यांचा म्होरक्या. म्हणाले, टूनिस, तू तिथे रोज होतास, तू सांग. मी कॉफी ओतत होते." ती थांबली. बँडवाल्यांनी नवं गाणं धरलं. "बाबा म्हणाले, पाडला. वीट न् वीट फोडताना मी पाहिली."

मारिनसने पुलाकडे पाहिलं.

"ती माणसं गेली. मग दुसरा कोण सांगणार? बाबांना सगळे मानायचे, त्यांच्या शब्दावर खटला मिटला. चौदा घरांचा धंदा गेला. मी म्हटलं, बाबा, हे काय केलंत? तर म्हणाले, पोराची नोकरी जाईल. एवढंच. पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. नावाड्यांच्या तोंडाकडे त्यांना बघवेना म्हणून आम्ही त्या भिकार वसाहतीत गेलो. तुला वाटायचं ते तुझ्यावर रागावून गॅलरीत जातात. तुझ्यासमोर बसले तर तोंडातून निघेल याची भीती होती त्यांना. मला शपथ घातली होती, तो जिवंत असेपर्यंत सांगू नकोस म्हणून. आज मोडली."

"मग तू मला..." तो म्हणाला. "फोन कशाला केलास? तुला सगळं माहीत होतं."

नेल उठली. उठताना तिला बाकाच्या पाठीचा आधार घ्यावा लागला आणि त्याने पुढे केलेला हात तिने घेतला नाही, पण झिडकारलाही नाही, नुसता त्याच्या बाजूने वळसा घातला.

"पेपर वाचून वाटलं, माझीच चूक झाली असेल," ती म्हणाली. "वाटलं, बाबांनी खोटं बोलून ज्याला राखलं तो निदान त्या लायकीचा होता. एक्क्याऐंशी वर्षांची झाले मी. तेवढं मानून घ्यावंसं वाटलं."

ती ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली, गर्दी कडेने टाळत, स्कार्फखाली मान ताठ. तिला हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात एक उंच गृहस्थ आपल्या बायकोला घेऊन समोर आला. आम्ही तुमच्याशी हस्तांदोलन करायला शेजारच्या गावातून आलोय, तो म्हणाला, तुमचं बोलणं काळजाला भिडलं. त्याच्या मागे आणखी दोघी होत्या, त्यांच्या मागे शाळेची बाई मुलांना रांगेत लावत होती. ट्रामची घंटा वाजली. मारिनस बाकावरून उठला, कोट सारखा केला, पुढे आलेला हात त्याने हातात घेतला आणि म्हणाला, "आभारी आहे." मग दुसरा हात घेतला, आणि तिसरा, आणि रांग संपेपर्यंत तो प्रत्येकाला तेच म्हणत राहिला.